बैलगाडी लागत नाही, मग बोट का लागते?

मलकापूरहून बुलडाण्याला निघालेली एसटी मोताळा मागे टाकून राजूर घाटाला लागली की गाडीतल्या काही जणांचे बोलणे आपोआप थांबते. कुणी खिडकीची काच सरकवते, कुणी लिंबू नाकाशी धरते, कुणी पिशवी हाताशी काढून ठेवते. खामगावच्या रस्त्यावर बोथा घाटातही हेच. गाडी लागणाऱ्यांना ही वळणे पाठ असतात.

या नेहमीच्या प्रकारात दोन कोडी आहेत. त्याच गाडीत, त्याच वळणांवर चालकाला काहीच कसे होत नाही? आणि शेतरस्त्याने धडधडत जाणाऱ्या बैलगाडीत हाडे खिळखिळी होतात, तरी कुणी ओकत नाही. मऊ गादीच्या, काचा बंद केलेल्या मोटारीत मात्र अर्ध्या तासात मळमळते. असे का?

दोन्हींचे उत्तर सापडते ते समुद्रात. बुलडाण्यापासून किनारा सरळ रेषेतही साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण भर समुद्रात शिडाच्या छोट्या नौकेवर माणसाच्या शरीराचे जे होते, ते राजूर घाटात होते त्याचेच मोठे रूप आहे. तिथे घाट अर्ध्या तासात संपत नाही, एवढाच फरक.

छप्पन्न फुटांवर दोघी

२ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून ‘तारिणी’ ही भारतीय नौदलाची शिडाची नौका पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. नौकेवर माणसे दोनच: लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅनली आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन असे चार थांबे घेऊन २९ मे २०२५ रोजी दोघी गोव्याला परतल्या. पंचवीस हजार सागरी मैलांहून अधिक प्रवास झाला होता.

सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. पृथ्वीचा घेर ३६० अंशांचा, प्रत्येक अंशाचे ६० भाग. त्यातला एक भाग म्हणजे एक सागरी मैल. म्हणून पृथ्वीचा घेर होतो २१,६०० सागरी मैल, आणि प्रदक्षिणा पुरी झाली असे म्हणायला किमान तेवढे अंतर कापावे लागते. शिवाय सगळी रेखावृत्ते आणि दोनदा विषुववृत्त ओलांडावे लागते.

‘तारिणी’ची लांबी ५६ फूट. ती आणि तिची थोरली बहीण ‘म्हादेई’ या दोन्ही नौका गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधल्या गेल्या. भारतीयाने भारतात बांधलेल्या नौकेतून जगाला फेरी मारावी, ही कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहत. समुद्रापासून दूर, कोरडवाहू मुलखात. त्यांच्या या कल्पनेतून कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात ‘म्हादेई’तून एकट्याने जग फिरून आले. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी कुठेही न थांबता हीच फेरी केली. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ नेली. सप्टेंबर २०२५ मध्ये लेफ्टनंट कर्नल अनुजा वरूडकर यांच्या नेतृत्वाखाली तिन्ही सैन्यदलांतल्या महिला अधिकाऱ्यांची ‘त्रिवेणी’ मुंबईहून निघाली.

वेग किती असतो? गोवा ते फ्रीमँटल हा सुमारे ४,९०० सागरी मैलांचा पहिला टप्पा ‘तारिणी’ने ३८ दिवसांत संपवला. भागाकार केला तर ताशी साधारण दहा किलोमीटर. पण रात्रंदिवस, न थांबता.

वाऱ्याची वाट

वारा मागून असेल तर शीड नौकेला पुढे ढकलते, हे सहज कळते. वारा बाजूने असताना नौका पुढे कशी जाते, हे तितके उघड नाही. फुगलेले वक्र शीड वाऱ्याची दिशा वळवते. वाऱ्याला वळवताना शिडावर उलट जोर येतो. तो बराचसा आडवा आणि थोडासा पुढचा असतो. नौकेच्या तळाखाली पाण्यात एक जड, उभे पाते असते. त्याला कील म्हणतात. पाण्यात हे पाते आडवे सरकवणे फार कठीण, पुढे सरकवणे सोपे. म्हणून आडवा जोर अडतो आणि उरलेला जोर नौकेला पुढे नेतो. कीलच्या वजनामुळे कललेली नौका पुन्हा उभीही राहते. थेट समोरच्या वाऱ्यात मात्र शीड चालत नाही. तेव्हा आधी डावीकडे तिरके, मग उजवीकडे तिरके असे नागमोडी जावे लागते.

निघण्याची वेळही वाराच ठरवतो. विदर्भात पाऊस आणणारा नैर्ऋत्य मोसमी वारा जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळून टाकतो. तो ओसरल्यावर निघायचे, विषुववृत्ताजवळचा मंद वाऱ्याचा पट्टा पार करायचा आणि दक्षिणेला उतरायचे. दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या खाली पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना अडवायला तिथे जमीन जवळपास नाहीच. म्हणून ही प्रदक्षिणा पूर्वेकडे तोंड करूनच होते. तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी असल्याने दक्षिण अमेरिकेचे केप हॉर्न हे टोक त्याच सुमारास गाठायचे असते.

वाऱ्याबरोबर लाटाही येतात. शीड धरलेली नौका एका कुशीवर कललेली असते, पुढून वर उचलली जाते, खाली येते, आणि त्याच वेळी डावी-उजवीकडे डोलतही असते. हा खेळ आठवडेच्या आठवडे चालतो.

कानातले पाणी

तोल सांभाळणारे यंत्र आपल्या कानात, ऐकण्याच्या भागाला लागूनच आहे. त्यात एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. पाण्याने भरलेली घागर जागच्या जागी गर्रकन फिरवा. घागर लगेच फिरते, आतले पाणी क्षणभर मागे राहते. घागर थांबवली तरी पाणी काही काळ फिरत राहते. कानातल्या नळ्यांमध्ये असेच होते. डोके वळले की द्रव मागे राहतो, नळीतल्या बारीक केसांना वाकवतो आणि मेंदूला निरोप जातो की डोके या दिशेला वळले. फुगडी थांबल्यावरही जग फिरत राहते, कारण द्रव अजून थांबलेला नसतो.

नळ्यांशेजारी आणखी दोन पिशव्या असतात. त्यांच्या चिकट थरावर कॅल्शियमचे सूक्ष्म खडे असतात. आपण वर उचलले गेलो, खाली आलो, पुढे ढकललो गेलो किंवा मान कलली की हे खडे सरकतात. वळणे कळते नळ्यांना; उचलणे, पडणे आणि कलणे कळते खड्यांना.

मेंदू या निरोपाची डोळ्यांशी आणि स्नायू-सांध्यांकडून येणाऱ्या माहितीशी पडताळणी करतो. चालताना तिन्ही साक्षी जुळतात. नौकेच्या आतल्या खोलीत बसलेल्या माणसाचे डोळे सांगतात की टेबल, भिंत, भांडी सगळे जागच्या जागी आहे. कान सांगतो की आपण दोन मीटर वर जाऊन खाली आलो. साक्षी फुटतात. बोट लागण्याचे आजचे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण हेच आहे. जेम्स रीझन आणि जोसेफ ब्रँड यांनी १९७५ साली ते नीट मांडले. त्यांचा मुख्य मुद्दा असा की मेंदू पुढच्या क्षणी काय होणार याचा अंदाज सतत बांधत असतो, आणि प्रत्यक्षात आलेले निरोप त्या अंदाजाशी जुळले नाहीत की बिघडते.

चालकाचे कोडे इथे सुटते. वळण कधी घ्यायचे, ब्रेक कधी दाबायचा हे त्याचे त्यालाच ठरवायचे असते. अंदाज आधी, हालचाल नंतर. मागच्या बाकावर बसून मोबाइल पाहणाऱ्याला हालचाल आधी कळते आणि अंदाज बांधायला डोळ्यांपुढे काहीच नसते. नौकेवर सुकाणूच्या चाकाशी उभ्या असलेल्या माणसाला त्रास कमी आणि आत नकाशा वाचणाऱ्याला जास्त होतो, तो याच कारणाने.

बोट लागण्यात कानातल्या या यंत्राचा हात आहे याचा मोठा पुरावा १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या संशोधनातून मिळाला. अमेरिकी नौदल आणि ‘नासा’ यांनी गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयातल्या अकरा जणांना संशोधनासाठी निवडले. त्यांतल्या बहुतेकांचे श्रवण लहानपणी मेंदूज्वराने गेले होते आणि त्याबरोबर कानातले तोलाचे यंत्रही निकामी झाले होते. नोव्हा स्कॉशियाजवळच्या वादळी समुद्रात त्यांना बोटीतून नेले, तेव्हा संशोधकच आजारी पडले. हे लोक मजेत पत्ते खेळत होते.

पाच सेकंदांची लाट

आता बैलगाडीचे कोडे. माणसांना वरखाली हलवून कोणत्या गतीला मळमळते याचे प्रयोग १९७० च्या दशकात झाले. सर्वांत वाईट गती निघाली सेकंदाला साधारण ०.२ हेलकावे, म्हणजे दर पाच सेकंदांना एक वर-खाली. यापेक्षा खूप जलद हिसके बसले तर अंग दुखते, पण मळमळत नाही.

बैलगाडीच्या लाकडी चाकाचे धक्के सेकंदाला एक-दोन किंवा त्याहून जास्त. ते या पट्ट्याच्या बाहेर पडतात. मऊ स्प्रिंगांची मोटार असे जलद धक्के पिऊन टाकते, पण घाटातल्या वळणांचे संथ डोलणे तसेच प्रवाशापर्यंत पोचवते. गाडी जितकी आरामशीर, तितके उरलेले हेलकावे त्या वाईट गतीच्या जवळचे. आखाजीला किंवा नागपंचमीला उंच झाडाला बांधलेल्या झोक्यावर काहींना गरगरते, त्याचाही हिशेब लागतो: सहा मीटर दोराचा झोका एक फेरी पूर्ण करायला जवळपास पाच सेकंद घेतो.

समुद्रातल्या लाटांवर छोटी नौका बहुधा याच पट्ट्यात हलते. शेकडो मीटर लांबीचे मालवाहू जहाज लहान लाटांना दाद देत नाही. छप्पन्न फुटी नौका प्रत्येक लाटेवर चढते आणि उतरते. नौकेतही जागेजागी फरक असतो. पुढचे टोक सर्वांत जास्त वरखाली होते, मधला भाग सर्वांत कमी. एसटीतही मागच्या चाकांच्या पलीकडचा शेवटचा बाक म्हणूनच सर्वांत वाईट.

पण उलटीच का?

साक्षी जुळल्या नाहीत तर डोके दुखावे, गोंधळ व्हावा. पोटाने का बंड करावे? मिशेल ट्रीझमन यांनी १९७७ साली एक तर्क मांडला. माणसाच्या फार जुन्या इतिहासात डोळे आणि कान वेगवेगळे सांगू लागण्याचे एक मोठे कारण विषबाधा असणार. विषारी कंद किंवा बी पोटात गेले की गरगरते. मग मेंदूने सावध भूमिका घेतली: साक्षी फुटल्या की पोट रिकामे करा. बोटी आणि मोटारी आल्या अलीकडे. जुनी युक्ती तशीच राहिली. हा तर्क सर्वांनी मानलेला नाही. काही शास्त्रज्ञ तोल सावरण्याच्या धडपडीलाच मूळ कारण मानतात.

उलटीच्या बरेच आधी खुणा दिसतात. आधी जांभया आणि सुस्ती, मग चेहरा पांढरा पडतो, कपाळावर गार घाम येतो, तोंडात लाळ सुटते, उमासे येतात. अनुभवी नाविक सोबत्याच्या जांभया मोजतात ते यासाठीच. या टप्प्यावर त्याला बाहेर आणून क्षितिजाकडे पाहायला लावले आणि सुकाणू हाती दिले, तर पुढचे बरेचसे टळते.

निम्मी नौका आजारी

मोठ्या जहाजावर एक माणूस आजारी पडला तर त्याची जागा दुसरा घेतो. दोघांच्या नौकेवर एक जण आडवा झाला की निम्मी नौका आजारी. तरीही कुणीतरी सतत जागे असावेच लागते: शीड कमी-जास्त करायचे, जहाजांवर नजर ठेवायची, दिशा तपासायची. म्हणून छोट्या ताफ्याचा दिवस काही-काही तासांच्या पाळ्यांत कापलेला असतो. एक पहाऱ्यावर, दुसरा झोपेत. सलग आठ तास झोप ही चैन. दिशा धरून ठेवणारे स्वयंचलित यंत्र आणि जवळच्या जहाजांची खबर देणारी उपकरणे यांमुळे हे शक्य होते, पण शीड फाटले किंवा दोर अडकला तर दोघांनाही उठावे लागते.

बोट लागल्याचा खरा धोका उलटीत कमी आणि तिच्या परिणामांत जास्त असतो. माणूस उदास होतो, निर्णय टाळतो, खायचे-प्यायचे सोडतो. कठड्यावरून वाकून ओकणे तर जिवावरचे. ताशी दहा किलोमीटरने चाललेली नौका एका मिनिटात दीडशे मीटरपेक्षा जास्त पुढे जाते. पडलेल्या माणसाचे डोके तेवढ्या अंतरावर लाटांआड दिसेनासे होते, आणि वळवायला जागा असतो एकच जण. म्हणून डेकवर येताना छातीवरचा पट्टा नौकेला बांधलेल्या दोराला अडकवायचा आणि उलटी बादलीत करायची, हा साधा पण पक्का नियम.

पहिले दोन-तीन दिवस शरीरावर भरवसा ठेवता येत नाही, हे धरूनच तयारी होते. या दिवसांचे जेवण आधीच शिजवून ठेवतात. साधे, कमी तेलकट. झुलत्या चौकटीत बसवलेली शेगडी नौका कलली तरी सपाट राहते, पण तिच्यासमोर उभे राहणारे पोट सपाट राहत नाही. डिझेलचा वास मळमळ वाढवतो, म्हणून इंजिनाजवळचे काम आधी उरकतात. मीठ-साखरेचे पाणी घोट घोट घेत राहायचे, कारण उलट्यांपेक्षा पाणी कमी होण्याने माणूस लवकर खचतो. आणि अगदीच सोसत नसेल तर नौकेच्या मधल्या भागात डोळे मिटून आडवे व्हायचे. डोळ्यांची साक्षच काढून घेतली की भांडण निम्मे मिटते.

गोळी केव्हा?

बोट लागण्यावरच्या बहुतेक गोळ्या कानाकडून मेंदूकडे आणि उलटीच्या केंद्राकडे जाणारे निरोप मंद करतात. त्या प्रवासाच्या आधी घ्यायच्या असतात. मळमळ सुरू झाली की पोटातले अन्न पुढे सरकायचे थांबते. मग गोळी तिथेच पडून राहते किंवा बाहेर येते. कानामागे लावायची हायोसीनची पट्टी कातडीतून औषध सोडते, त्यामुळे पोटाचा अडथळा येत नाही. तीही काही तास आधी लावावी लागते आणि सुमारे तीन दिवस काम करते. या औषधांनी गुंगी येते, तोंडाला कोरड पडते. हायोसीनने नजर धूसर होऊ शकते आणि काचबिंदू असलेल्यांना ते घातक. पहाऱ्यावरच्या माणसाला गुंगी परवडत नाही, म्हणून कोणते औषध आपल्याला सोसते हे नाविक जमिनीवरच पाहून ठेवतात. घाटासाठी गोळी घेणाऱ्यानेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आल्याने काहींना बरे वाटते, पण त्याचे पुरावे संमिश्र आहेत.

मेंदू समुद्र शिकतो

बहुतेकांचा त्रास दोन-तीन दिवसांत ओसरतो. लाटा तेवढ्याच असतात, कानही तोच. बदलतो मेंदूचा अंदाज. लहान मेंदू लाटेची लय शिकतो आणि पुढचा हेलकावा आधीच गृहीत धरू लागतो. ही शिकवण किती खरी असते ते किनाऱ्याला उतरल्यावर कळते. जमीन हलू लागते, कारण मेंदू अजून न येणाऱ्या लाटेची वाट पाहत असतो. बंदरात काही आठवडे काढले की शिकलेले थोडे पुसट होते आणि पुढच्या टप्प्याला पुन्हा उजळणी करावी लागते. चार थांब्यांच्या प्रदक्षिणेत अशी उजळणी चार वेळा येते.

सगळ्यांचे शिकणे सारखे नसते. दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा गाडी लागत नाही, शाळकरी वयात सर्वाधिक लागते, पुढे कमी होत जाते. काहींना ते कधीच नीट जमत नाही. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ ‘बीगल’ जहाजावर होता आणि त्याला सगळा प्रवास समुद्र लागत राहिला. ब्रिटनचा सर्वांत नावाजलेला नौसेनापती नेल्सन यालाही आयुष्यभर बोट लागत असे. म्हणजे हा त्रास धैर्याचे माप नव्हे, आणि किनाऱ्यावर जन्मण्याचाही त्याच्याशी फारसा संबंध नाही. २०१७-१८ च्या ‘तारिणी’वरच्या सहा अधिकाऱ्यांकडे पाहा. नेतृत्व करणाऱ्या वर्तिका जोशी उत्तराखंडच्या, पायल गुप्ता डेहराडूनच्या, प्रतिभा जामवाल हिमाचलातल्या कुल्लूच्या, विजया देवी मणिपूरच्या, ऐश्वर्या बोड्डापाटी हैदराबादच्या. समुद्रकाठची एकटी विशाखापट्टणमची स्वाती पी. या सहा जणींनी २५४ दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण केली. दिलना आणि रूपा यांची तयारी तीन वर्षे चालली होती. अभिलाष टॉमी त्यांचे मार्गदर्शक होते. आधी इतर सागरी फेऱ्या, मग गोवा ते मॉरिशस आणि परत, मग सगळे जग, असा तो क्रम.

बुलडाण्यातल्या ज्या मुलीला राजूर घाटात खिडकीची जागा लागते, तिच्या कानात काही बिघाड नाही. उलट तिचे तोलाचे यंत्र हलकी हालचालही अचूक नोंदवते. तिच्या मेंदूला हव्या आहेत त्या फक्त फेऱ्या.

चौकट : थोडक्यात

• डोळे, कान आणि स्नायू यांचे निरोप मेंदूच्या अंदाजाशी जुळले नाहीत की गाडी किंवा बोट लागते.
• दर पाच सेकंदांना एक हेलकावा ही सर्वांत त्रासदायक गती. बैलगाडीचे धक्के त्याहून खूप जलद असतात.
• गाडीत पुढे किंवा मध्ये बसा, नौकेत मधल्या भागात राहा. नजर दूर क्षितिजावर ठेवा. मोबाइल आणि पुस्तक बाजूला ठेवा.
• जांभया, गार घाम आणि तोंडात सुटणारी लाळ ही पहिली सूचना. उपाय तेव्हाच करा.
• औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि प्रवासाआधी घ्या. उलटी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग कमी.
• पाणी घोट घोट पीत राहा. नौकेवर कठड्यावरून वाकू नका, बादली वापरा.
• बहुतेकांचा मेंदू दोन-तीन दिवसांत समुद्राची लय शिकतो.